सुट्टीतलं काम, अप्रेंटिसशिप आणि आपली पोरं – वाचकांचे प्रश्न

मार्चच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की तुमच्या घरातलं आठवी ते बारावीतलं पोर कुठे काम शिकायला जातं का, आणि जात असेल तर तिथे नेमकं काय शिकतं. त्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सॲपवरचे मेसेज असं एवढं आलंय की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि मुलं लहान आहेत म्हणून नावं छापलेली नाहीत. वाचता वाचता एक गोष्ट मात्र खटकत राहिली. पोराला कामावर घेणारा जवळजवळ प्रत्येक पत्रात ओळखीचा आहे, कोणाचा दीर, कोणाचा मामा, कोणाचा वाडीतला शेजारी, आणि ओळखीचा आहे म्हणून कोणी काही ठरवतच नाही, किती तास, किती पैसे, शिकवणार कोण, काही नाही. उत्तरांत मी यावर पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण आपल्याकडे पोरांचं नुकसान होतं ते इथेच होतं असं माझं ठाम मत आहे.

ताई, माझा मुलगा नववीत गेलाय, पंधरावं चालू आहे. दर रविवारी आणि पुढे दिवाळीच्या सुट्टीत चिपळूणला माझ्या चुलत दिरांच्या गॅरेजवर जातो म्हणतोय. हे म्हणतात एकदा पैशाची चटक लागली की शाळा सुटेल. शेजारच्या वहिनी म्हणाल्या पोराला कामाला ठेवणं गुन्हा आहे. खरं काय? – एक आई, गुहागर तालुका

वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बालकामगारांचा कायदा १९८६चा, त्यात २०१६ला मोठी दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून १४ पूर्ण व्हायच्या आत मुलाला कुठेही कामाला ठेवता येत नाही, फक्त घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हात लावला तर चालतं आणि तोही धंदा धोक्याचा नसेल तर. १४ ते १८ मधल्या मुलांना काम करता येतं पण खाणी, स्फोटकं, पेट घेणारे पदार्थ आणि कारखाना कायद्यात धोकादायक म्हणून लिहिलेल्या प्रक्रिया सोडून. शिवाय तासांचं बंधन आहे, सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तासाची विश्रांती, आणि विश्रांती धरून दिवसाचे सहा तासच. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. तुमच्या मुलाची १४ पूर्ण झालीत म्हणजे साध्या दुरुस्तीच्या कामाला हरकत दिसत नाही, पण गॅरेजमध्ये वेल्डिंग आणि स्प्रे पेंटिंग पण चालत असेल तर त्या बाजूला तो फिरकणार नाही हे दिरांकडून आधीच कबूल करून घ्या, आणि जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवा.

आता चटक लागण्याचं. तुमच्या मिस्टरांची भीती मला पोकळ वाटत नाही, मी शाळेत कार्यानुभव शिकवायचे तेव्हा अशी शाळा सुटलेली मुलं बघितलीत. पण त्यांच्यात एक गोष्ट सारखी असायची, ती दिवसभर गाड्या धुवायची, चहा आणायची आणि संध्याकाळी मालकाच्या मनात येईल तेवढी नोट घेऊन घरी जायची. पैसे हातात आणि शिकणं शून्य, मग शाळा कशाला हवी असं त्यांना वाटणारच. म्हणून दिरांना स्पष्ट विचारा की दिवाळी संपेपर्यंत याला काय काय येईल? पाने आणि सॉकेटचे साइझ, ऑइल बदलणं, प्लग काढून साफ करणं, चेन ताणणं, ब्रेक शू बदलणं, एवढं तर सुट्टीत नक्की होतं. आणि हल्लीच्या गाड्या, म्हणजे एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यानंतरच्या, त्यांच्यात फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर असतात, त्या स्कॅनर लावून तपासाव्या लागतात, दिरांकडे स्कॅनर असेल तर तो वाचायला मुलाला बसवा कारण तिथे त्याचं इंग्रजी आणि विज्ञान दोन्ही लागतं आणि शाळेचा उपयोग काय हे त्याला आपोआप कळतं. पैसे ठरलेले असू देत आणि बँकेत जाऊ देत. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीवर चालणारं बचत खातं काढता येतं, तुमच्या बँकेत विचारा.

माझो झील औंदा धावी पास झालो. घोव खलाशी आसा, झिलाक पण बोटीरच जावचा आसा, इंजिनाचा काम शिकतलंय म्हणता. माका तो इतक्यात दर्यार जावक नको. दुसरी खयची वाट आसा काय? – मालवण तालुका

वाट आहे आणि तुमचं पत्र अगदी योग्य वेळेला आलंय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, सगळ्या बोटी वर काढलेल्या आणि इंजिनं उघडलेली. एरवी तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, दोन मिनिटं बोलायला वेळ नसतो, आता मेकॅनिक एकेक इंजिन दिवसभर घेऊन बसलेला असतो. इंजेक्टर काढून नोझल बघणं, फिल्टर, गिअरबॉक्सचं ऑइल, शाफ्ट सरळ आहे का, बोटीच्या पाण्यातल्या पंख्याला मार लागलाय का, खारं पाणी कुठे शिरलंय, हे सगळं किनाऱ्यावर उभं राहून शिकता येतं, त्यासाठी समुद्रात जायची गरजच नाही. तुमच्या मिस्टरांच्या ओळखीतला चांगला मेकॅनिक बघा आणि आयटीआयचं ॲडमिशन होईपर्यंत मुलाला त्याच्या हाताखाली द्या, मात्र फायबरच्या बोटींना रेझिन मारायचं किंवा घासायचं काम चालू असेल तिथे पाठवू नका, त्या वाफा आणि ती धूळ वाढत्या वयाच्या फुप्फुसांना वाईट, मोठी माणसं पण मास्क न लावता करतात ते बघून माझा जीव वरखाली होतो.

पुढचं शिक्षण म्हणाल तर सरळ रस्ता आयटीआयचा, मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे, फिटर दोन वर्षांचा. ॲडमिशन राज्यभर ऑनलाइन होतं, दहावीचा निकाल लागला की थोड्याच दिवसात अर्ज सुरू होतात, त्यामुळे तारीख चुकवू नका, आपल्याकडे दरवर्षी कितीतरी मुलं फक्त यातच मागे राहतात.

आणि एक नाव लिहून ठेवा, सिफनेट. मासेमारीचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, मुख्य ठिकाण कोची आणि शाखा चेन्नई आणि विशाखापट्टणमला. तिथे दहावीवर दोन वर्षांचे दोन कोर्स आहेत, एक व्हेसल नेव्हिगेटर म्हणजे बोट चालवण्याचा आणि एक मरीन फिटर म्हणजे बोटीच्या इंजिनाचा, दहावीला गणित आणि विज्ञानात किमान ४० टक्के लागतात आणि प्रवेश परीक्षा असते. ज्या मुलाला बोटीवरच जायचंय त्याच्यासाठी याच्याइतकं नेमकं शिक्षण मला दुसरं माहीत नाही आणि तरी आपल्या किनाऱ्यावरच्या शाळांत कोणी मुलांना ते सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. घरापासून लांब आहे खरं, पण तुम्हाला तो इतक्यात दर्यात नकोय ना, मग ही दोन वर्षं तो शिकेल आणि जाईल तेव्हा हातात सर्टिफिकेट घेऊन जाईल. मत्स्यव्यवसाय खात्याचं सहा महिन्यांचं ट्रेनिंग पण असतं, त्यात नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात, पण त्याला १८ पूर्ण लागतात आणि पोहता यावं लागतं, ते नंतरसाठी डोक्यात ठेवा.

आमची देवगडला हापूसची बाग आहे. मे महिन्यात वाडीतली तीन-चार शाळकरी मुलं पॅकिंगला येतात. एकाच्या वडिलांनी परवा इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मागितलं. द्यावं का? मुलं खुशीने येतात, आंबे पण घरी नेतात. – एक बागायतदार

दादा, सर्टिफिकेट जरूर द्या, पण त्यावर काय लिहिणार ते आधी स्वतःला विचारा. पेट्या उचलल्या, गवत पसरलं, खोक्यांना पट्टी मारली एवढंच असेल तर ती मजुरी झाली आणि मजुरीचे पैसे द्यायचे, आंबे देऊन भागवायचं नाही. मुलं खुशीने येतात हे खरंच असेल, पण पंधरा वर्षांचं पोर ओळखीच्या काकांकडे पैसे कसं मागणार?

खरंतर तुमच्या बागेत शिकवण्यासारखं इतकं आहे. चौदा आणे तयार झालेलं फळ कसं ओळखायचं, खांद्यावरून, रंगावरून, हे पुस्तकात वाचून येत नाही. देठ ठेवून का काढायचं, चीक सालीवर सांडला की डाग कसा पडतो, कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, साध्या झेल्यापेक्षा कुठे बरा पडतो, साका, म्हणजे खराब झालेला गर, आतून असतो आणि बाहेरून दिसत नाही तर मग गिऱ्हाइकाला शब्द कशाच्या जोरावर द्यायचा. वजनावर ग्रेडिंग करून पाच डझनी आणि सहा डझनी पेटी वेगळी का करतात, वाशीला काय दर मिळाला, भाडं, हमाली, दलाली जाऊन हातात काय राहिलं, ही हिशेबाची पट्टी मुलांसमोर मांडून बसा, हेच त्यांचं गणित आणि हेच वाणिज्य. २०१८ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा तुमच्या खोक्यावर काय उपयोग होतो हे पण सांगा, मोठ्या माणसांना पण नीट माहीत नसतं.

झाडावर चढवायचं नाही आणि फवारणीच्या आसपास उभं पण करायचं नाही, औषध कालवायला तर अजिबात नाही, यात कसली सवलत नको. रात्री पेट्या भरायची घाई असते तेव्हा मुलांना सातच्या आत घरी पाठवा, वर कायद्यातले तास दिलेत ते तुम्हालाही लागू आहेत. आणि मे महिना गेला म्हणून थांबू नका, जून-जुलैत कोयकलमं, म्हणजे कोयीतून उगवलेल्या रोपावरची कलमं, बांधायची असतात, त्याच मुलांना रविवारी बोलवा आणि हातात सुरी देऊन कलम बांधायला शिकवा, प्रत्येकाची वेगळी ओळ लावा आणि कोणाची किती जगली ते वहीत लिहायला सांगा. ज्याची कलमं जगतील त्याला पुढे नर्सरीवाले स्वतःहून बोलावतील, आणि मग सर्टिफिकेटवर तुम्हाला खरं काहीतरी लिहिता येईल.

आम्ही कुडाळ तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत शिक्षक. बिनदप्तराचे दहा दिवस करायचे आहेत, पण प्रत्यक्षात बँक, पोस्ट आणि मंदिर बघून परत येतो. काय करता येईल?

सर, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे दहा दिवस सहावी ते आठवीसाठी सांगितलेत आणि तिथे स्पष्ट म्हटलंय की मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा गावातल्या जाणकारांच्या हाताखाली शिकावं. बघून येण्यात ते होत नाही. साठ मुलं एकाच दिवशी कोणाच्याही कारखान्यात नेली तर मालक पण वैतागतो आणि मुलांना मागच्या रांगेतून काही दिसत नाही. सहा-सात मुलांचे गट करा आणि एक गट एकाच माणसाकडे चार-पाच दिवस पाठवा. तुमच्या भागात अडचण येऊ नये, सावंतवाडीची लाकडी खेळण्यांची चितारआळी जवळ आहे, पिंगुळीला चित्रं दाखवून गोष्ट सांगणारे चित्रकथीवाले आहेत, बांबूचं काम करणारे आहेत, गवंडी आहेत, प्लंबर आहेत. त्या माणसांना मानधन द्या, थोडं का होईना, त्यांचा कामाचा दिवस मोडतो. काजू कारखान्यात नेलंत तर सोलणं, ग्रेडिंग बघू दे, पण बी फोडायच्या यंत्राजवळ नको, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

जमलं तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल वाचा, डॉ. कलबागांनी १९८३ला सुरू केला. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, शेती, वीज, घरगुती तंत्र यात प्रत्यक्ष काम करायचं आणि गावाला लागणारी खरी कामं करून द्यायची ही त्यांची पद्धत, आणि ती राज्यात बऱ्याच शाळांनी घेतलीय. तुमच्या शाळेला सगळं जमणार नाही, पण शाळेतला मोडका बाक आणि बंद पंखा मुलांनी दुरुस्त करायचा एवढी सुरुवात तर याच महिन्यात होईल.

मला दहावीला ७२ टक्के मिळाले, आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. घरी म्हणतात ते मुलग्यांचं, तू ब्युटी पार्लर नाहीतर शिवणकाम घे. – एक मुलगी, अलिबाग तालुका

बाळा, तुला इलेक्ट्रिशियन करायचंय तर इलेक्ट्रिशियनच कर. शिवणकाम वाईट नाही, पण ते तुला करायचं नाहीये एवढं कारण पुरे आहे. दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्यानंतर अप्रेंटिसशिप, म्हणजे करारावर काम करत शिकणं, मिळते, महावितरण दरवर्षी इलेक्ट्रिशियन आणि वायरमन झालेल्या मुलामुलींना अप्रेंटिस म्हणून घेतं, तुझ्याच जिल्ह्यात थळला आरसीएफ हा खतांचा कारखाना आहे ते पण ट्रेड अप्रेंटिस घेतात. घरच्यांशी भांडत बसू नकोस, त्यांना एकदा आयटीआय दाखवायला घेऊन जा. त्यांच्या मनात बहुतेक येण्याजाण्याची आणि सोबतीची काळजी आहे, ती ट्रेडच्या नावाखाली बोलतायत, म्हणून वर्गात आणखी मुली किती, मुलींची टॉयलेट्स कशी आहेत, शेवटची एसटी किती वाजता हे त्यांच्यासमोर विचार. मार्च २०२३पासून एसटीत बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे, तो खर्च पण त्यांना मांडून दाखव. आणि अर्ज भरताना पहिला पसंतीक्रम स्वतः भर, सायबर कॅफेवाल्याला भरू देऊ नकोस.

मुलगा १७चा, दहावी पास. एक एजंट मर्चंट नेव्हीत लावतो म्हणून तीन लाख मागतोय. – दापोली

देऊ नका. जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या कामाचा, सहा महिन्यांचा कोर्स असतो, त्याला साडेसतरा वर्षं पूर्ण लागतात, आणि तो फक्त डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याने, मान्यता दिलेल्या संस्थेतच करायचा, यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे. कोर्सची फी संस्थेला पावती घेऊन भरायची. नोकरी लावायचे म्हणून पैसे घ्यायला बंदी आहे, जो मागतो त्याच्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा, नंबर मागा आणि तो त्याच साइटवर तपासा. आपल्या किनाऱ्यावर घरं गहाण पडलीत यापायी, म्हणून एवढं कडक लिहितेय.

भाच्याला, वय १६, दहावी पास, लोट्याला एका कंपनीत ओळखीने लावतायत. सहा महिने बिनपगारी ट्रेनिंग, मग बघू म्हणतात. कागद काही नाही. जावं का? – खेड

नाही. एक तर लोटे परशुराम एमआयडीसीत मुख्यतः केमिकल कंपन्या, आणि अप्रेंटिससाठी किमान वय १४ असलं तरी धोकादायक उद्योगात ते १८ आहे, त्यामुळे प्लांटमध्ये भाच्याला उभं करताच येत नाही, ओळख कितीही मोठी असू दे.

दुसरं म्हणजे अप्रेंटिसशिप ही मालकाच्या मर्जीवर चालणारी गोष्ट नाहीये, १९६१चा कायदा आहे त्याला. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनी अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, माणसांच्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि ४ ते २९ माणसं असतील तर मालकाची इच्छा. म्हणजे तुमच्या तालुक्यातलं एखादं मध्यम गॅरेज किंवा हॉटेल पण रीतसर अप्रेंटिस घेऊ शकतं, लोकांना हे माहीतच नसतं. लेखी करार होतो, तो सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला जातो, मुलगा १८च्या आतला असेल तर पालक सही करतात. स्टायपेंड द्यावाच लागतो, २०१९च्या नियमांत दहावी पासला महिन्याला किमान ६००० आणि पाचवी ते नववी शिकलेल्याला ५०००, २०२५मध्ये यात वाढ करायची शिफारस झालीय त्यामुळे सही करायच्या दिवशी पोर्टलवर चालू आकडा बघून घ्या. अप्रेंटिसशिपच्या राष्ट्रीय योजनेत यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार उचलतं, त्यामुळे परवडत नाही हे मालकाचं म्हणणं पूर्ण खरं नसतं. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. कागद नसेल तर यातलं काहीही तुमच्या हातात राहत नाही.

सोळाव्या वर्षी दहावीवर थेट अप्रेंटिस घेणाऱ्या मोठ्या जागा कमी आहेत पण आहेत. मुंबईची जहाजं बांधणारी माझगाव डॉक बघा, ते दहावी पास, आयटीआय झालेले आणि आठवी पास अशा तीन वेगवेगळ्या गटांत मुलं घेतात, ऑनलाइन परीक्षा असते आणि गेली काही वर्षं जाहिरात पावसाळ्याच्या सुरुवातीला निघतेय, म्हणजे आत्ताच त्यांच्या साइटवर नजर ठेवा. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना कोणी सुचवेल, तिला १८ वर्षं आणि किमान बारावी लागते, भाच्याला आत्ता चालणार नाही. माझगाव डॉक आणि आयटीआय, दोन्हीकडे अर्ज भरून ठेवा, आणि त्या ओळखीच्या माणसाला सांगा की १८ पूर्ण झाल्यावर करार घेऊन येऊ.